द्वारकाबाईंच्या अर्जाचा पहिला परिच्छेद

मी एक जुना, दुबळा ××××
मी एक जुना, निराधार ××××××

माफ करा, मित्रांनो. मी एक जुना टाइपरायटर आहे. एवढंच पुरे. माझ्याकडे खोडायची सोय नाही. चुकलेल्या शब्दावर फुल्या मारायच्या आणि पुढे पळायचं, ही माझी रीत. त्यामुळे माझं आयुष्य तुम्हाला फुल्यांसकटच वाचावं लागेल.

शिवाय मला स्वस्थ बसता येत नाही. बोटं पडली की धाव. घंटी वाजली की मागे. पुन्हा धाव.

जन्म मुंबईच्या कारखान्यातला. पोलादाच्या काड्या आणि प्रत्येकीच्या टोकावर अक्षर. मग जालन्याच्या टायपिंग क्लासात पंधरा वर्षं. मुलं परीक्षेसाठी मला मिनिटाला तीस शब्दांनी बडवायची. तिथेच कुणाच्या तरी दणक्याने माझ्या ‘ब’चं पोट फुटलं. तेव्हापासून तो तुटकाच उमटतो. पुढे कॉम्प्युटर आले आणि मी जिन्याखाली गेलो. किती वर्षं? जाऊ द्या. ×××××

मला तिथून कमरोद्दीनचाचांनी उचललं. तेल घातलं, नवी रिबीन चढवली आणि अंबडला तहसीलसमोर पत्र्याच्या सावलीत टेबलावर ठेवलं. चाचा लोकांना अर्ज लिहून देतात. त्यांचा अर्ज म्हणजे काम झालंच, असं लोक म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

चाचांचा पहिला परिच्छेद ठरलेला होता. अर्जदार बाई असली की, ‘मी एक अबला, निराधार व असहाय स्त्री असून’. पुरुष असला की, ‘मी एक दुर्बल व गरीब इसम असून’. नाव-गाव विचारण्याआधीच त्यांची बोटं हे मारून मोकळी व्हायची. मीही विचार करत नव्हतो. अर्जाचं दार म्हणजे हेच शब्द, असं मला वाटायचं.

गेल्या जानेवारीपर्यंत.

त्या दिवशी साडेबाराला द्वारकाबाई आल्या. नवरा वारलेला. अडीच एकर जमीन, शेतातच घर, घरात त्या आणि मुलगी शालू. सातबाऱ्यावर दोघींचं नाव लागायचं होतं. पण दीर तातेरावने हरकत घेतली होती. दोन वाजता साहेबांपुढे सुनावणी. नाव लागलं नाही तर शेतही जाणार आणि डोक्यावरचं छप्परही.

चाचांनी भराभर अर्ज मारला. सहीआधी तो मोठ्याने वाचून दाखवायचा, हा त्यांचा नियम.

“मी एक अबला, निराधार व असहाय स्त्री असून...”

“थांबा चाचा. ही कोन बाई?”

“तुम्हीच की.”

“मी न्हाई. मोटर जळाली तवा हिरीत म्याच उतरले व्हते. अबला म्हनं!”

“अहो बाई, असंच लिव्हावं लागते. साहेबाला दया आली पायजे ना.”

द्वारकाबाईंनी पिशवीतून एक कागद काढला. “मंग आता हे बी वाचा.”

चाचा वाचू लागले. “माझी वहिनी अबला, निराधार व असहाय असून ती जमीन सांभाळू शकत नाही. सबब कर्ता म्हणून माझे नाव...” आवाज थांबला. तातेरावची हरकत होती ती.

“तुमच्याच मशिनीची हाय नं? बगा, ‘ब’ फुटलेला.”

खरं होतं. आठवड्यापूर्वी मीच ती मारली होती. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.

“तो म्हनतो मी अबला, जमीन त्याला द्या,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी बी म्हनते मी अबला. मंग झगडा कायचा? साहेब त्याचंच नाव लावंल, बराबर?”

शेजारी चहा गाळणारी बेबीनंदा हसली. “चाचा, दोन्ही पार्ट्याला एकच कपडा शिवला व्हय?”

चाचांनी कागद ओढून काढला. एक वाजून गेला होता. “बोला जल्दी, काय लिहू? कमजोर?”

“कमजोर मी बाळंतपनात व्हते. गोळ्यानं गेलं ते.”

“नाजूक?”

“नाजूक हे माझे गिलास,” बेबीनंदा म्हणाली.

“हळवी?”

“हळवी माझी शालू. वासरू इकलं तर दोन दिस जेवली न्हाई. त्याच्यात वंगाळ काय हाय? पर ते साहेबाला कशाला सांगू?”

“असुरक्षित?”

द्वारकाबाईंनी मान डोलावली. “जवळ आलं. पर कोनापासून, ते त्याच्यात कुठं हाय?”

चाचांनी हात वर केले. “मंग तुम्हीच सांगा, माय.”

“लिवा. घर वस्तीपासून लांब हाय. दार एकच हाय. तातेराव दोनदा पिऊन आल्ता, मोटरीची वायर तोडून गेल्ता. मला भ्याव वाटतं, ते बी लिवा. भ्याव वाटतं म्हनून मी कमजोर न्हाई. माझ्यावर हात टाकनं सोपं हाय, एवढंच. ते सोपं ऱ्हाऊ नये म्हनून नाव पायजे.”

चाचांनी त्यातलं काही न गाळता ते पुस्तकी भाषेत मारलं. मध्येच सवयीने बोटं घसरली. अब ×× भीती वाटते. इतकी वर्षं मी अर्ज मारले, पण हे वाक्य माझ्या काड्यांना नवं होतं.

दोनला पाच मिनिटं असताना द्वारकाबाईंनी सही केली आणि त्या आत गेल्या. मी बाहेर. अडीच. तीन. मला पाय असते तर ×××××

सव्वातीनला त्या आल्या आणि पदराने तोंड पुसत बाकावर बसल्या. “साहेबानं अर्ज वाचला. मंग तातेरावला इचारलं, शेतात आता काय उभं हाय? त्याला सांगता आलं न्हाई. मी म्हनलं, हरभरा. आमच्या दोघींचं नाव लागलं, चाचा.”

बेबीनंदाने चहा दिला.

मित्रांनो, तो ठरलेला परिच्छेद आता बंद आहे. अर्जाला वेळ लागतो, लोक कुरकुर करतात. तुम्हाला एकच विनंती. कुणाला बिचारा, दुबळा, अबला म्हणण्याआधी क्षणभर थांबा. त्याला कशाची आणि कुणाची भीती आहे, ते त्याच्याच तोंडून ऐका. बोललेल्या शब्दावर मागून कितीही फुल्या मारल्या, तरी तो खालून दिसतच राहतो.

आज सकाळी तातेराव आला. त्याला अपील करायचंय.

“चाचा, तेच मारा, मागच्यासारखं.”

“ते बंद झालं,” चाचा म्हणाले. “बस. तुला काय होऊन राह्यलं ते तुझ्या तोंडानं सांग.”

तो बसला आहे. खाली बघतो आहे. माझ्यात कोरा कागद चढवलेला आहे आणि चाचांची बोटं माझ्यावर थांबली आहेत.