न वाटलेला मका

मी पाटा बोलतोय. अमेरिकेतल्या एल पासोचा, काळ्या दगडाचा, तीन पायांचा. तुमच्याकडचे पाटे जमिनीवर आडवे पडतात, मी जरा ताठ उभा असतो. एवढाच काय तो माझा मोठेपणा.

माझा जन्म मेक्सिकोतल्या चिवावाच्या डोंगरातला. एका आजीने बसमध्ये मला मांडीवर घेऊन सीमेपलीकडे आणलं. तिच्या मांड्यांचं काय झालं असेल, ते तिलाच ठाऊक. आमच्यात पाटा आईकडून लेकीकडे जातो. म्हणून आजी गेल्यावर मी तिच्या लेकीकडे, हेर्मेलिंदाकडे आलो.

हेर्मेलिंदाने मला एकदाही वापरलं नाही. ती जीन्स शिवायच्या कारखान्यात लागली आणि पहिल्याच महिन्यात तिने मिक्सर आणला. अंगणाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला तिथे ठेवून दिलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. रोज पहाटे तमाल्यांसाठी, म्हणजे मक्याच्या वाफवलेल्या उंड्यांसाठी, अंगावर मका वाटून घ्यायची कुणाला हौस आहे?

तिची लेक नेरेइदा लेखिका झाली. आपण कोण, कुठले, हे शोधायला बसली आणि नेमकी माझ्यापाशी येऊन पोचली. तिच्या कादंबरीत आई पहाटे गुडघे टेकून माझ्यावर मका वाटते आणि तिचे अश्रू त्यात पडतात. न्यूयॉर्कच्या संपादकबाईंना ते पान भारी आवडलं. पुस्तकाची सुरुवातच त्याने करू, म्हणाल्या.

हेर्मेलिंदाने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"ही बाई कोण?"

"तू, आई."

"मी? माझे गुडघे बघितलेस का कधी? आणि मक्यात रडायला मला काय धाड भरली होती? तमाले खारट झाले असते."

"अगं, ते प्रतीक आहे. आपली संस्कृती."

"संस्कृती मी दाराला टेकवलीय. हे पान राहिलं, तर शनिवारी वाचनालयात तू पुस्तक वाचून दाखवणार आहेस, त्याला मी येणार नाही."

नेरेइदा दोन दिवस धुसफुसत होती. पान काढलं तर पुस्तक जायचं, ठेवलं तर आई. शेवटी तिने आईलाच विचारलं, मग खरं काय झालं होतं? शनिवारी दुपारी तिने मला वाचनालयात नेऊन शोभेसाठी टेबलावर ठेवलं. हेर्मेलिंदा शेवटी आली, पण दारातच उभी राहिली, पर्स काखेत मारून.

नेरेइदाने नवं पान वाचलं. त्यात आई मिक्सर पहिल्यांदा लावते, झाकण विसरते आणि मका छताला जाऊन चिकटतो. केसांत मका घेऊन ती हसत बसते, कारण आता तिच्या आईसारखं पहाटे उठून वाटायला नको, तासभर जास्त झोपायला मिळणार असतं. समोरच्या बायका खो खो हसल्या. हेर्मेलिंदा आत येऊन खुर्चीत बसली.

वाचन संपल्यावर ती टेबलापाशी आली. "न्यूयॉर्कवाली काय म्हणेल?"

"नको म्हणेल बहुतेक."

"मग दुसरी शोधू. पण पोरी, सगळीकडे नुसतं 'आई, आई' लिहिलंयस. मला नाव आहे."

नेरेइदाने पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, हेर्मेलिंदा.

मी अजून त्याच टेबलावर आहे. मला परत उचलून न्यायला कुणी तयार नाही. येणारे-जाणारे माझ्यावरून हात फिरवतात आणि उगाच हळवे होतात. लेखिकाबायांनो, माझ्याविषयी लिहायचं तर खुशाल लिहा. फक्त आधी आईला विचारा, आणि ती जे सांगेल तेच लिहा.