तळ्यातली काळी माती

मोहनरावांच्या नावानं मी आजही बोटं मोडते. कुणाला आवडो न आवडो.

चोपन्न साली वरकुट्याच्या माळावर सरकारनं तळं बांधलं. बांधाच्या खाली आमची वस्ती आणि साऱ्या गावाचा पिण्याच्या पाण्याचा आड. पहिल्या वर्षी तळं भरलं आणि दिवाळीलाच कोरडं पडलं. आडाला मात्र उन्हाळाभर पाणी राहिलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शेजारच्या गावचे लोक आमच्या गळक्या तळ्याला हसायचे आणि सरपंच मोहनरावांना ते फार लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या धाकट्या भावाला, बिरूला, बोलावून घेतलं. आम्ही धनगर. खळ्याची जमीन घट्ट करायची तर माती भिजवून तिच्यावर मेंढरं फिरवायची, ही आमची रीत. मोहनरावांनी गाड्या जुंपून काळी माती आणली, तळ्यात पसरली. बिरूनं आठ दिवस तिच्यावर चारशे मेंढरं फिरवली. शेवटच्या दिवशी बांधावर, गावादेखत, मोहनरावांनी त्याला फेटा बांधला. मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी माघातही तळं भरलेलं होतं. आड मात्र संक्रांतीलाच आटला. तळ्यात म्हशी बसतात तेच पाणी बायका प्यायला नेऊ लागल्या. बिरूची लेक सारजा हगवणीनं अंथरुणाला खिळली. वैद्य म्हणाला, तिला आडाचंच पाणी द्या. कुठून देणार होतो?

चैत्रात तळं बांधून घेणारे सरकारी ओव्हरसियर आले. त्यांनी आडात वाकून बघितलं, मग तळ्यावर आले.

"ही काळी माती कुणी घातली?"

बिरू फेटा सावरत पुढं झाला. "म्या मेंढरं फिरवली, सायेब. आता थेंब गळत न्हाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, पाणी गळावं म्हणूनच बांधलं होतं! ते जमिनीत मुरायचं, खाली साठायचं, तिथून आडात यायचं."

माझं डोकंच फिरलं. "मंग तळ्याच्या पूजेला तासभर भाषण केलंत, तवा एवढं का न्हाय सांगितलं?"

"आराखड्यात लिहिलंय."

"इंग्रजीत! कोण वाचणार हितं?"

मोहनराव गप्प बसले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. पण ते म्हणाले, "मी जरा दाबून घे म्हणलं व्हतं. ह्या मेंढक्यानं समदं बुजवलं. ह्यांना अक्कल कुठं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बिरूनं फेटा सोडला, मोहनरावांच्या पायाशी ठेवला आणि वस्तीवरून पहार घेऊन आला. तो गुडघाभर पाण्यात उतरला. कुदळ घेऊन मीही मागोमाग उतरले.

"आरं, पाणी गढूळ हुतंय!" मोहनराव बांधावरून ओरडले.

बिरू एकाच जागी पहार मारत राहिला. काळी माती फुटली, खालचा मुरूम लागला. पहार उपसली तसे बुडबुडे वर आले आणि पाणी त्या भोकाकडं वळलं.

"बिरू, थांब! पाणी चाललं की!"

"चालू द्या, मोहनराव," मी म्हणाले. "आमच्या सारजाकडं चाललंय."