जाड कादंबरीची चार परीक्षणं

वाचनालयाचा नियम सरळ होता. वर्षाला चार परीक्षणं द्या, नाहीतर कार्ड सोडा. बाहेर नवे सभासद टपून बसलेले, त्यामुळे दयामाया नाही. नियम केला अध्यक्षबाईंनी, आणि वर्षअखेरीला त्यात अडकली त्यांचीच भावजय. ही दातांची डॉक्टर. तिनं वर्षभर एकच कादंबरी वाचली होती. पण अशी, की दाराला टेकवली तर दाराची आपटायची बिशाद नाही. परीक्षण मात्र एकच.

अध्यक्षबाईंच्या यजमानांची सहा झाली होती. ते पुस्तकाची आधी जाडी बघत, मग नाव.

"वन्सं, हा न्याय झाला का?" भावजयीनं बैठकीत विचारलं. "भावोजींची सगळी पुस्तकं माझ्या एका पुस्तकाच्या पोटात मावतील."

"कवितेची एक ओळ माणसाला आठवडाभर पुरते," यजमान म्हणाले.

"तुम्हाला कुठे पुरली? एका दुपारीत तीन संग्रह उरकलेत."

ग्रंथपालांनी पानांचा हिशेब सुचवला, तर मोठ्या टायपाची पुस्तकं आडवी आली. वजन करू म्हणाले, तर यजमानांनी पक्ष्यांच्या चित्रांचा ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आदळला. त्यात मजकूर चिमूटभर. वजनही बारगळलं.

शेवटी भावजयच म्हणाली, "जाड पुस्तकाचं परीक्षण टप्प्याटप्प्यानं घ्या. पाव भाग झाला की एक, तोवर काय वाटलं त्याचं. आणि बारकी पुस्तकं दोन मिळून एक."

"म्हणजे माझी सहाची तीन?" यजमान उसळले.

"अजून वर्ष संपलेलं नाही, वाचा आणखी दोन," अध्यक्षबाईंनी त्यांना बसवलं आणि नियम मंजूर केला. "चल, मागची तीन लिहून टाक."

"आता कशी लिहू? सुरुवातीला मला तो धाकटा भाऊ देवमाणूस वाटला होता. आता त्याचे सगळे धंदे कळलेत. तसं लिहिणं म्हणजे सोंग."

"मग नियम चांगला, पण तुझ्या कामाचा नाही," यजमान खुलले. "ठेव कार्ड."

तिनं पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"थांब," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ती तीन झालीत. माझ्या दाढेच्या रूट कॅनालला तीनदा खुर्चीत झोपवलंस, दर वेळी कादंबरीच ऐकवलीस."

"अगं, नात्यातली साक्ष कशी चालेल?"

"अहो, तोंडात हत्यारं होती. मी काय तिची बाजू घेणार होते?"

ग्रंथपालांनी वही ओढली. अध्यक्षबाई सांगू लागल्या. पहिल्या खेपेला धाकटा देवमाणूस. दुसऱ्या खेपेला त्यानं थोरल्याची खोटी सही केली, तेव्हा हिला शंका आली. तिसऱ्या खेपेला सही उघडी पडली, तर हिला उलट त्याचीच कीव आली.

"आली होती खरी," भावजय म्हणाली. "विसरलेच होते मी."

ग्रंथपालांनी लिहून घेतलं, चौथं लेखी परीक्षण त्याला जोडलं आणि कार्ड तिच्याकडे सरकवलं.

अध्यक्षबाई मात्र जागच्या हलेनात. "दाढ तिथेच बरी झाली गं. थोरला त्याला घरात घेतो का?"

"चौथ्या परीक्षणात बघा ना."

"बघितलं. त्यात शेवट नाही."

"शेवट फोडायचा नाही, हाही तुमचाच नियम, वन्सं."

अध्यक्षबाईंनी कादंबरी स्वतःच्या कार्डावर लावायला सांगितली.

"हे धूड उचलणार कोण?" यजमानांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकताच पिशवी शोधायला गेले.