दोन बोटं आखूड

"वाढला, पाय वाढला!" असा गलका झाला आणि पिंपळवंडीच्या टोमॅटो पॅकिंगच्या शेडमध्ये बसलेली दीडशे माणसं एकदम उठून उभी राहिली. मागच्यांना दिसेना म्हणून ती क्रेटवर चढली. समोर खुर्चीत एक म्हातारी बाई डोळे मिटून, हात जोडून बसली होती. तिच्या दोन्ही टाचा पायाळू महाराजांच्या तळहातांवर होत्या. मघाशी उजवी टाच डावीपेक्षा चांगली दोन बोटं मागे होती. महाराजांनी उठून बाईच्या कमरेला आपला पाय लावला, काहीतरी पुटपुटले, पुन्हा टाचा उचलल्या, तर दोन्ही अगदी सारख्या.

खुर्चीतली बाई माझी आई होती. साळुबाई, वय वर्षं पासष्ट. आणि मी, भरत, आळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, शेडच्या दाराशी दातओठ खात उभा होतो.

"मंडळी, दुखणं म्हंजे काय?" महाराजांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "दुखणं म्हंजे करंट. अंगात लीक झालेला करंट. आन आपण कोण? आपण पायाळू. जगात येताना आदी डोकं न्हाई, पाय आला आपला. धरतीमातेला पहिला पाय लागला, म्हणून आपलं अर्थिंग डायरेक्ट हाय. मोटरला अर्थिंग लागतं का न्हाई, राव?"

"लागतं," लोक म्हणाले. मोटर सगळ्यांच्याच विहिरीवर होती.

"मग कमरंला नको?"

महाराज जन्मताना पायाकडून आले की डोक्याकडून, हे सांगायला सुईण काही तिथे हजर नव्हती. पण आमच्याकडे पायाळू माणसाचा मान जुना आहे. कमरेत उसण भरली की पायाळूची हलकी लाथ मारून घ्यायची, हे आमच्या आज्या-पणज्या करत आल्या. उसण भरलेली तीन-चार दिवसांत आपोआप उतरते, लाथ मारा नाहीतर मारू नका. श्रेय मात्र पायाला मिळतं. महाराजांनी फक्त एवढंच केलं, की चार दिवसांच्या उसणीचा उपाय वर्षानुवर्षांच्या दुखण्याला लावला.

आई सहा महिने या शेडमध्ये येत होती. दर गुरुवारी तिचा पाय दोन बोटं आखूड निघायचा आणि दर गुरुवारी दोन बोटं वाढायचा. या हिशेबाने एव्हाना तो शेडच्या पत्र्याला टेकायला हवा होता. हा प्रश्न दीडशे माणसांत एकालाही पडला नाही.

आता आईच्या दुखण्याविषयी सांगायला हवं, आणि ते सांगताना मला माझी लाज वाटते.

आईचं माहेर तळेघरचं. लहानपणापासून भाताच्या आवणीत, रोपं लावायला वाकलेली. लग्न होऊन पिंपळवंडीला आली ती कांदा लावायला पुन्हा वाकली. तीन वर्षांपूर्वी कंबर धरली ती सुटेना. गोळ्यांनी पोट बिघडलं, म्हणून डॉक्टरांनीच त्या बंद केल्या. एमआरआय केला. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही." गाडीतून घरी येईपर्यंत विज्ञानाच्या मास्तराने त्या वाक्याचा अर्थ लावून टाकला, की आईला काही झालेलंच नाही. त्यानंतर ती कण्हली की मी म्हणायचो, "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" माझी बायको तेजस्विनीही तेच म्हणायची. आम्ही ते समजूत घालायला म्हणत होतो, असं मी स्वतःला सांगत आलो.

आळेफाट्याच्या हस्तीमल शेठची नात नीलम फिजिओथेरपी शिकून आली होती. तिने मात्र मला समोर बसवून ऐकवलं.

"सर, रिपोर्टमध्ये हाडं दिसतात, मणके दिसतात. दुखणं दिसत नाही. आजींचं दुखणं खरं आहे." मग आईकडे वळून म्हणाली, "आजी, अंगणात बिबट्या आला तर कुत्रं भुंकतं ना? कधी कधी बिबट्या निघून जातो आणि कुत्रं भुंकतच राहतं. तुमच्या कमरेचं तसं झालंय. कुत्र्याला मारून ते गप्प बसत नाही. त्याला रोज थोडं थोडं अंगणात हिंडवून दाखवायचं, की बघ, आता भीती नाही."

आई हसली. "म्हंजी मी हिंडायचं?"

"हिंडायचं. पण ठरवून. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून अजिबात नाही असंही नाही. सोबत श्वासाचा आणि पाठीचा व्यायाम. औषध नाही, कापाकापी नाही. आणि सर, चालताना कुणीतरी सोबत पाहिजे. एकट्याने हे टिकत नाही."

आईची एकच इच्छा होती. तळेघरला तिची बहीण भागूमावशी असते. बस फाट्यावर सोडते आणि तिथून दोन किलोमीटर चढ चालावा लागतो. ते अंतर आपल्या पायांनी चालून बहिणीच्या दारात जायचं. नीलमने तेच वहीत लिहिलं: दिवाळीला तळेघर.

पहिल्या आठवड्यात आई फाटकापर्यंत गेली. महिन्याने शेजारच्या गोठ्यापर्यंत. तिसऱ्या महिन्यात कालव्याच्या पुलाला हात लावून आली आणि दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली. मी सोबत किती दिवस गेलो? चार. मग परीक्षा आल्या, निवडणुकीचं काम आलं, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला. म्हातारीच्या पावलानं चालायला फार वेळ लागतो. ती एकटी जात राहिली, आणि एक दिवस एकटीच पायाळू महाराजांच्या शेडमध्ये जाऊन बसली.

महाराजांनी तिला सांगितलं, "नवा पाय हाय, मुरू द्या. चालायचं बंद." तिने चालणं बंद केलं. सहा महिन्यांत ती पुलावरून पुन्हा फाटकाशी आली. दिवाळी आली आणि गेली. कुत्रं मात्र भुंकतच होतं.

पाय वाढल्याच्या त्या गलक्यानंतर पुढच्या गुरुवारी मी खिशात खडू घेऊन गेलो.

"महाराज, मलाही टाचा धरू द्या एकदा," मी भर गर्दीत म्हणालो. "मी काही पायाळू नाही. बघू तरी पाय वाढतो का."

महाराज गोड हसले. "मास्तर, ज्याचं काम त्यानंच करावं."

"धरू द्या की," मागून कुणीतरी म्हणालं. गंमत कुणाला नको असते?

"आई, ये, बस खुर्चीत."

आई जागेवरून हलली नाही. "भरता, नगं रं," ती हळू आवाजात म्हणाली. मला वाटलं, ती महाराजांना घाबरते आहे. मी तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं.

खुर्चीच्या मध्यापासून समोर फरशीवर मी खडूने सरळ रेघ ओढली. "सगळ्यांनी टाचा बघा आणि रेघ बघा. महाराजांच्या तोंडाकडे बघू नका." आईच्या टाचा उचलून रेघेच्या बरोबर वर धरल्या. पाय सारखे. मग दोन्ही टाचा मिळून चार बोटं तिच्या डावीकडे सरकवल्या. उजवी टाच मागे पडली. "हा उजवा पाय आखूड." मग उजवीकडे सरकवल्या. "आणि हा डावा आखूड. आता पुन्हा रेघेवर. वाढले दोन्ही." वर्गात दाखवतो तसं मी तीनदा दाखवलं. "बाई तीच, पाय तेच. कंबर जागेवर ठेवून टाचा एका बाजूला नेल्या की दुसऱ्या बाजूची टाच मागे राहते. तुम्ही एकमेकांच्या धरून बघा. यात करंट नाही आणि अर्थिंगही नाही."

मग कुणीतरी खुर्ची ओढली, दुसऱ्याने टाचा धरल्या, आणि शेडभर पाय आखूड व्हायला आणि वाढायला लागले. महाराज शबनम पिशवी उचलून मागच्या दाराने गेले. माझ्या पाठीवर थापा पडत होत्या. मी जिंकलो होतो.

तेवढ्यात एकजण मोठ्याने म्हणाला, "आन ही म्हातारी सा महिने येईल त्याला सांगती, माझा पाय वाढला म्हणून."

सगळी शेड हसली. मी वळून पाहिलं तर आई अजून खुर्चीतच होती. तिने लुगडं ओढून पाय झाकून घेतले होते आणि ती त्या खडूच्या रेघेकडे बघत होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "आई, तो फसवत होता तुला."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाय काय वाढत असत्यात व्हय रं? पाच लेकरांची आई मी, एवढं कळत न्हाई व्हय?"

"मग जात का होतीस?"

ती भिंतीला पाठ टेकून बसली. मग म्हणाली, "त्यो इचारायचा. दर गुरवारी इचारायचा, साळुबाई, आज कुठं दुखतंय? आन माझं सांगून हुईस्तवर दुसरीकडं बघायचा न्हाई. तू बी इचारलंस, भरता. पन तू कागदाला इचारलंस."

 

वाचकहो, भोंदूची युक्ती उघडी करणं सोपं असतं. एक खडू पुरतो. तुमच्या गावात कुणी पाय वाढवत असेल तर आजच रेघ ओढा. पण त्याच्या शेडमध्ये आपलं माणूस का जाऊन बसतं, तेही बुद्धीने तपासा. जुनं दुखणं कुणाच्या पायाने जात नाही. ते ठरवून चालण्याने, व्यायामाने, नीट झोपेने आणि जवळच्या माणसाने दुखणं खरं मानल्याने हळूहळू सोसण्याजोगं होतं. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून माणसाला खोटं पाडणं हीसुद्धा अंधश्रद्धाच आहे, आणि ती माझ्यासारख्या शिकलेल्यांच्या घरात जास्त असते.

आता मी रोज सकाळी आईसोबत चालतो. नीलमची वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली आहे. नीलम सांगेल तेवढं आई चालते, सांगेल तो व्यायाम करते. तळेघरचं नाव मात्र काढत नाही, आणि त्या दिवसापासून दुखण्याचंही नाही.

काल शेजारच्या गोठ्यापाशी ती थांबली. दावणीचा खुंट घट्ट धरला, ओठ दाबून धरले. मी जवळ जाऊन विचारलं, "आई, कुठं दुखतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काय न्हाई, बाळा," ती म्हणाली. "नॉर्मल हाय."