दाराचे उलटे हात

सगळा घोळ ईमरनेच करून ठेवला होता, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

धाकटा भाऊ दारा चार वर्षांचा असताना तिनेच त्याच्या हातात हर्लिंगची, म्हणजे काठीने चेंडू मारायच्या आयरिश खेळाची, काठी दिली. समोर उभी राहून म्हणाली, "मी धरते तश्शी धर." आता ईमर पडली डावखुरी. तिचा डावा हात वर, उजवा खाली, आणि तिच्यासाठी ते बरोबरच. दारा उजव्या हाताचा, पण पोराने बहिणीचं बघून तस्सच धरलं. उलटं! तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. अठराव्या वर्षी तेच त्याच्या मुळावर आलं.

"गावात चालेल हे," मॉसी मास्तर नोव्हेंबरमध्ये म्हणाले होते. टिपरेरी परगण्याचा वीस वर्षांखालचा संघ निवडायचं काम त्यांच्याकडे. "चेंडू उडवल्यावर हात सरकवायला तुला अर्धा क्षण जास्त लागतो. तेवढ्यात मागचा गडी काठी घालून तुझा फटका अडवणार. मार्चच्या चाचणीला हात बदलून ये. नाहीतर येऊच नकोस."

मग काय! चार महिने रोज गुरांना चारा घालून झाला की दोघं गोठ्यामागच्या भिंतीशी. ईमर चेंडू फेकायची, दारा चुकायचा. घोटाभर चिखल, बोटांना भेगा. गोठ्याची काच फुटली तेव्हा आईने शिव्या घातल्या त्या ईमरलाच. "तूच शिकवलंस ना? मग निस्तर आता!"

चाचणीच्या पूर्वार्धात दाराने माती खाल्ली. तीन चेंडूंना तर नुसता वारा घातला. मैदानाच्या कडेला ईमरशेजारी उभा असलेला एक टोपीवाला म्हातारा म्हणाला, "हे बुजगावणं कुणी आणलंय?" ईमरने त्याच्याकडे असं बघितलं की तो चार पावलं सरकून उभा राहिला.

मध्यंतर होताच ती धावत दाराकडे गेली. "ऐक माझं. जुन्या हातानेच खेळ. दोन-तीन गुण मार, आधी संघात तर घुस! पुढचं पुढे बघू."

"आणि मास्तर?"

"खड्ड्यात गेले मास्तर!"

"गप ग," दारा शिरस्त्राण चढवत म्हणाला. "चार महिने काय माशा मारत होतो? जुन्या हाताने आज घुसेन आणि मेमध्ये खरे सामने लागले की हाकलतील. नाही जमलं तर नाही जमलं. पण असाच खेळणार."

उत्तरार्धातही तेच. एकदा तर चेंडू सोडून स्वतःच्याच नडगीवर काठी बसली. ईमरला बघवेना. माझ्यापायी याचं वाटोळं झालं, एवढंच तिच्या डोक्यात.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. उंच आलेला चेंडू दाराने डाव्या पंजात झेलला आणि एक दांडगा बचावपटू मागून काठी उगारत आला. विचार करायला वेळच नव्हता. ईमरचे डोळे चेंडूवर नव्हतेच, त्याच्या हातांवर होते. उजवा वर. डावा झटकन खाली. मागच्याची काठी नुसती हवेत फिरली आणि खाडकन फटका बसला.

"जमलं! जमलं रेऽऽ!" ईमर नाचायलाच लागली.

"अगं बाई, नाचतेस कसली?" टोपीवाला म्हणाला. "चेंडू खांबाच्या चांगला हातभर बाहेर गेलाय!"

लोक हसले. शिट्टी झाली. दाराच्या नावावर भोपळा. तो काठी ओढत बाहेर आला, तेव्हा मॉसी मास्तर वाटेतच उभे होते.

"शेवटचा पण बाहेर गेला," दारा पुटपुटला.

"गेला का? मी बघितलं नाही," मास्तर म्हणाले. "मी हात बघत होतो. मी आणि तुझी बहीण. मंगळवारी सातला सरावाला ये, उशीर केलास तर खबरदार."

ईमरला हुंदकाच फुटला. चौदा वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"ए, रडू नकोस ना," दारा तिला कोपराने ढोसत म्हणाला. "सगळे बघतायत."