आपण म्हणजे कोण?

जावयाला भक्तीचा झटका आला होता आणि त्यापायी म्हातारीचा चहा रोज निवत होता. राजधानीतल्या नाट्यगृहाला आग लागली, मागचं दार उघडलं नाही आणि एकशे बारा माणसं गेली, त्याला आठवडा झाला होता. देशभर दुखवटा. झेंडे अर्ध्यावर आले आणि घरात जावयाची प्रार्थना दुप्पट झाली. कप पुढ्यात आला की तो डोळे मिटायचा, ते साय धरेपर्यंत उघडायचा नाही.

"जावईबापू, देवाला घाई नसेल, मला आहे."

"आई, सगळा देश रडतोय."

"रडू दे की. चहाने काय घोडं मारलंय?"

लेक ओट्याकडे तोंड करून हसायची.

म्हातारीचा राग भक्तीवर नव्हता. चाळीस वर्षांत तिने स्वतः चर्चचा एक रविवार चुकवला नव्हता. पण जावई होता आगीपासून बचावाच्या खात्यात तपासनीस. शहरात कुठल्या इमारतीचं कुठलं दार उघडतं, त्यावर त्याची सही लागे. आणि ज्या शिलाई कारखान्यात तिने तीस वर्षं काजं केली, तिथलं मागचं दार कापडाच्या ताग्यांनी बुजलेलं होतं. त्या दाराच्या कागदावरही सही त्याचीच. दोनशे बायका आजही आत शिवत बसत.

"ते दार ढकलून बघितलं होतंत का?" तिने विचारून पाहिलं होतं.

"मालक म्हणाले, उघडतं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात, आई. भला माणूस आहे."

"माणूस भलाच आहे. मी दाराचं विचारतेय."

जावयाने डोळे मिटून घेतले होते.

रविवारी पाळकांनी देशासाठी खास प्रार्थना ठेवली आणि पापांगीकार, म्हणजे सगळ्यांच्या वतीने पापांची कबुली, म्हणायला जावयालाच पुढे बोलावलं. आवाज मोठा गोड होता त्याचा, नाही म्हणायला जागा नव्हती. "हे प्रभू, या दुर्घटनेला आपण सगळे जबाबदार आहोत. आपण दारं बंद ठेवली. आपण डोळेझाक केली." मंडळी मुसमुसू लागली. पहिल्या बाकावर मालकांनी रुमाल काढला. एकट्या म्हातारीने मान वर केली आणि डोळे उघडले.

बाहेर आवारात पाळक जावयाची पाठ थोपटत होते. ती काठी टेकत तिथे पोचली.

"प्रार्थना झकास झाली हो. अडाणी बाईची एक शंका आहे. 'आपण' म्हणजे कोण?"

"म्हणजे... सगळेच, आई."

"बोलत कुणाशी होतात?"

"देवाशी."

"मग 'आपण'मध्ये देवही आला. त्याला कशाला गोवलंत? त्याने कुठल्या कागदावर सही केली?"

पाळकांना खोकला आला. "बरोबर आहे त्यांचं," ते हळूच म्हणाले, "तिथे 'आम्ही' हवं होतं."

"'आम्ही'ही नको. त्यात ही माझी लेक येते, तिने काय केलं? गर्दीत लपून प्रभूसमोर जाता येत नाही, पाळकसाहेब. तिथे एकेकाला हाक मारतात." मग तिचा आवाज जरा खाली आला. "ते तागे मीही वर्षानुवर्षं पाहिले आणि तोंड शिवून बसले. काम सोडताना मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं ना, त्याची भीड. माझं मी प्रभूला सांगेन. तुमचं तुम्ही बघा."

जावयाने बुटाच्या टोकाने माती उकरली. "दार बंद आहे असं आता लिहिलं, तर आधीची सही खोटी ठरते. नोकरी जाईल, आई."

"हं. आता जरा प्रार्थनेसारखं बोललात."

सोमवारी त्याने चहा गरमच घेतला, घशाला चटका बसला तरी थांबला नाही. तो कारखान्याकडे निघाला तशी म्हातारीही मागोमाग गेली. त्याने तागे हलवायला लावले, कडी ओढली, खांदा लावला. दार ढिम्म.

"साहेब, ती भिंतच समजा," मशिनवरून एक बाई म्हणाली. "दाराचा रंग दिलाय एवढंच."

मालक धावत आले. "अहो, तुम्ही आपल्याच मंडळीतले. आपण आपसात मिटवू की."

"'आपण' नको, मालक," जावई म्हणाला. "दार उघडेपर्यंत मशिनं बंद. बायकांना बाहेर जाऊ द्या."

बायका पुढच्या दाराने बाहेर पडल्या. तो एका मशिनवर कागद टेकून लिहायला बसला. म्हातारीने वाकून पाहिलं. तिला वाचता येणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण ओळीच्या सुरुवातीचा 'मी' तिला लागला. बाकीचं त्याने वाचून दाखवलं, आणि तो गोड आवाज पार घोगरा झाला होता: "मी हे दार न ढकलता सही केली होती."

"उद्या वरून बोलावणं येईल," तो म्हणाला. "घरी बसावं लागेल बहुतेक."

म्हातारीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"जावईबापू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्हाला मुलगी दिली म्हणून चार वर्षं मी मनातल्या मनात पस्तावत होते. आजपासून जरा कमी पस्तावेन."