तुमची आई काय करते?

विकीला फ्रेंच मी शिकवलं, असं मी अख्ख्या मुलुंडला सांगत फिरायचे. हसायचं असेल तर हसा. चपलांच्या खोक्यात त्याने बाराशे कार्डं करून ठेवली होती, पुढून फ्रेंच आणि मागून इंग्रजी. ते फ्रेंच मला वाचता येईना म्हणून खाली बॉलपेनने मराठीत उच्चार लिहून दिलेले. सकाळी तो दाढी करायचा आणि मी चहा घेत विचारायचे. "फनॅत्र?" आतून आवाज यायचा, "विंडो." "पॅं?" "ब्रेड." मराठीला मध्ये कुठे जागाच नव्हती. पण विंडो म्हटलं की मला आमची कबुतरं बसणारी खिडकीच दिसायची, त्याला कोण काय करणार.

तीस वर्षं मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर होते. बायकांवर ओरडून घसा असा झालाय की मी बोंजूर म्हटलं तरी दम दिल्यासारखं वाटतं. विकी म्हणायचा, आई, तुझ्यापेक्षा परीक्षक बरे. परीक्षा कॅनडासाठीची. तिच्यात चांगले गुण पडले तर तिकडे जायचा नंबर लागणार. तिकडे दर वाढदिवसाला वयाचे गुण कापतात म्हणे, आणि मार्चमध्ये विकीला तेहतीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याआधीच. लिहिणं, वाचणं, ऐकणं सगळं त्याला यायचं. राहिलं होतं बोलणं.

जानेवारीतला रविवार. दार लोटून तो लॅपटॉपवर क्लासची सराव परीक्षा देत होता. मी पोह्यांची बशी घेऊन गेले आणि दाराशीच थांबले, कारण तो मस्त बोलत होता. घर सांगितलं, नोकरी सांगितली. मग म्हणाला, "मों पॅर ए मॉर." पॅर म्हणजे वडील, मॉर म्हणजे मेलेले. खरंच आहे, अंबादास जाऊन सहा वर्षं झाली. मग तिकडून बाईंनी विचारलं, "क फॅ व्होत्र मॅर?" तुमची आई काय करते?

"मा मॅर ए मॉर्त," विकी म्हणाला.

आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण बाईमाणसाबद्दल बोलताना शेवटचा त वाजवायचा, हे मीच त्याला दहादा दुरुस्त केलं होतं. स्वयंपाकघरात येऊन मी खोकं उपसलं आणि ते कार्ड काढलं. मॉर्त. मागे त्याच्याच अक्षरात, डेड. नर्सची सवय जात नाही, मनगटावर बोटं ठेवली. ठोके ब्याण्णव. एवढे पडत होते आणि माझं पोर आत कुणा बाईला सांगत होतं की मी नाही. आणि किती सफाईने सांगितलं. एकदाही अडखळला नाही. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

तो बाहेर आला तेव्हा पोहे गार झाले होते.

"विकी, मी कधी मेले रे?"

तो हसायला गेला, मग त्याचं तोंड पडलं. "तुला कळलं?"

"बाराशे शब्द तुला कोणी विचारले? शेजारच्या संघमित्राने?"

तो खाली बसला. मी विचारलं, क्लासवाल्यांनी सांगितलं का असं म्हणायला. तर नाही म्हणाला. आजच्या बाई नवीन होत्या, त्यांना खरंच वाटलं, सॉरी म्हणाल्या.

"तीनदा झालंय आई. बाबा गेले ते सांगतो नीट. मग विचारतात, आई काय करते, तुम्ही गेल्यावर ती कुठे राहणार. तिथे माझी वाट लागते. शब्द सगळे येतात गं, तोंड उघडत नाही. दोनदा रडलो त्यांच्यासमोर. तू नाहीस म्हटलं की पुढचा प्रश्नच येत नाही."

एक कानाखाली द्यावी असं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही. पोहे गरम करायला गेले. दिवसभर मी नुसती हिंडत होते घरात, याला हात लाव, त्याला हात लाव. भिंतीवर अंबादासच्या फोटोशेजारी एक रिकामा खिळा आहे. कधीचा आहे, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यात भरला.

सोमवारी मात्र मी चहा घेऊन बसले आणि खोकं उघडलंच नाही. म्हटलं, "क फॅ व्होत्र मॅर?"

"आई, नको ना."

"परीक्षा कोणाची आहे? बोल."

"मा मॅर..." माझ्या तोंडाकडे बघून त्याला म्हणता येईना. मी ओरडले, कळा सोसणाऱ्या बाईवर ओरडायचे तशी. मान वर कर. श्वास घे. म्हण. माझ्यामुळे पोराचं गाडं अडायला नको, एवढंच डोक्यात होतं. मेल्याचं नाटकच तर करायचं होतं. रोज सकाळी मी विचारायचे, रोज तो मला मारायचा, आणि मी म्हणायचे, पुन्हा, त नीट वाजला नाही. नवव्या दिवशी मी झकास मेले. तो एका दमात बोलून गेला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

परीक्षा वांद्र्याला होती. चारला परत आला आणि बूट न काढता खुर्चीत बसला.

"विचारलं का?"

"विचारलं."

"मग?"

"जिवंत आहे म्हटलं."

"आणि?"

"आणि काय. पुढे शब्दच नाही. पाणी दिलं त्यांनी. गेले गुण."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पोटातून वर आला, अडवताही आला नाही. पोराची वर्षाची मेहनत पाण्यात गेली आणि ही बाई खूश. त्याने जाऊ नये असं मला एवढं वाटत होतं, हे मलाच माहीत नव्हतं. स्वतःचीच भीती वाटली मला. पोराने मला मारलं तेव्हाही एवढी हादरले नव्हते. जीभ सैल सोडली मग. गाढव म्हटलं, बैल म्हटलं, नऊ दिवस माझं श्राद्ध घालून घेतलंस ते कशाला म्हटलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "फेब्रुवारीत पुन्हा देता येईल."

"मग बूट काढ."

मी खोकं आणलं आणि ते कार्ड, मॉर्तचं, काढून ओट्यावरच्या डब्याखाली सरकवलं. मग विचारलं, "क फॅ व्होत्र मॅर?"

तो हळूहळू, एकेक शब्द चाचपत म्हणाला, "एल म पोझ दे कॅस्तियों." ती मला प्रश्न विचारते. मला एकही कार्ड बघावं लागलं नाही.

त्यानंतरचा प्रश्न मला फ्रेंचमध्ये येत नव्हता. तो कार्डांत नव्हताच. मी मराठीत विचारला.

"तू गेल्यावर ती कुठे राहणार?"

आणि तो बोलेपर्यंत थांबले.